सुईएवढी वाट

१

दिव्याच्या पांढऱ्या वर्तुळात तिसरा उंदीर उताणा पडला होता आणि त्याच्यावर वाकलेल्या तीन माणसांच्या सावल्या टेबलाच्या कडेशी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. बाईंनी चिमटा खाली ठेवला. तेवढ्या आवाजानेही शेजारी उभा असलेला चष्मेवाला मदतनीस मुलगा दचकला.

"पुन्हा एकदा बघा," प्रकल्पाचे प्रमुख असलेले सर म्हणाले.

"पुन्हाच बघतेय, सर. गाठ नाहीये."

बाई त्या संशोधन संस्थेतल्या पॅथॉलॉजिस्ट. निम्मं आयुष्य त्यांनी मेलेल्या देहांना प्रश्न विचारण्यात घालवलं होतं. जिवंतांपेक्षा मेलेले कमी खोटं बोलतात, एवढाच त्यांचा अनुभव. आज मात्र समोरचा देह गप्प होता, आणि भोवतालचे जिवंतही.

माणसाचं यकृत आजाराने कडक झालं की पोटातून तिकडे येणाऱ्या मोठ्या शिरेत रक्त तुंबतं. तुंबलेलं रक्त आडवाटा शोधतं, अन्ननलिकेतल्या नाजूक शिरा फुगवतं, आणि एखाद्या दिवशी त्यातली एक फुटते. हा ताण उतरवणारं औषध शोधायचं तर आधी तो ताण कुठेतरी निर्माण करावा लागतो. संस्थेत तो उंदरांमध्ये निर्माण करत. रीत जुनी आणि नाजूक होती. शिरेला लागून एक बोथट सुई ठेवायची, दोघींना मिळून काळ्या रेशमाची गाठ मारायची आणि मग सुई अलगद काढून घ्यायची. रक्ताला सुईएवढीच वाट उरते. उंदीर जागा होतो, खातो, पितो, आणि पोटात ती गाठ घेऊन जगत राहतो.

नव्या औषधाने उंदरांमधला हा ताण विलक्षण उतरला होता. इतका, की ज्याला एरवी वर्षं लागतात ते काही महिन्यांत झालं, आणि बारा रुग्णांवर चाचणी करायची परवानगी आली. पहिला डोस उद्या सकाळी होता. त्यासाठी बाराही जणांनी दोन आठवड्यांपूर्वीच आपली जुनी गोळी बंद केली होती. ती गोळी नाडी संथ करते, हातपाय गार पाडते, पण फुगलेल्या शिरांना आवर घालते. तो आवर आता सुटलेला होता.

यादीतलं पहिलं नाव बाईंच्या थोरल्या भावाचं, दादाचं होतं. म्हणूनच त्यांनी आज प्रयोगानंतर जपून ठेवलेले मेलेले उंदीर हट्टाने मागवले होते. आकडे त्यांनी सगळे वाचले होते, पण डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं.

पांढऱ्या कार्डाच्या पिंजऱ्यांतल्या, नुसतं पाणी पाजलेल्या उंदरांच्या शिरेवर रेशमाची गाठ जिथल्या तिथे होती, तांदळावर चढलेल्या मुंगीसारखी. पिवळ्या कार्डाच्या, औषध मिळालेल्या उंदरांमध्ये ती नव्हतीच. तिघांत नव्हती. पुढच्या तिघांतही नव्हती.

"उंदरांनीच सोडवली असेल," चष्मेवाला हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला.



२

बाईंनी दोघांना बाहेर जायला सांगितलं. एकटेपणी त्यांचे हात जास्त नीट विचार करत.

पहिला प्रश्न सोपा होता. गाठ मारलीच नसेल तर? त्यांनी शीर भिंगाखाली धरली. तिच्याभोवती एक फिकट, घट्ट कडं उमटलेलं होतं, बरेच दिवस घातलेली अंगठी काढल्यावर बोटावर राहतं तसं. प्लीहाही दुपटीने सुजलेली होती. रक्त तुंबल्याशिवाय ती अशी सुजत नाही. म्हणजे गाठ होती. काही आठवडे होती आणि तिने आपलं काम चोख केलं होतं.

मग कोणी पुन्हा पोट उघडून ती कापली असेल? त्यांनी पोटावरची कातडी उजेडात ताणली. व्रण एकच होता. टाक्यांची रांगही एकच. पोट दुसऱ्यांदा उघडलंच नव्हतं.

बाई खुर्चीवर बसल्या. खिडकीबाहेर दुपार संथपणे भिंतीवरून खाली उतरत होती. जी गाठ होती, जी कोणी सोडवली नाही आणि जी आता नाही, ती गेली कुठे?

त्या उठल्या आणि शेजारच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत गेल्या. ट्रे धुऊन, झाकून ठेवलेला होता. त्यात दोन रिळं होती. एक काळ्या रेशमाचं, शिरेला बांधायचं. दुसरं पोटाचा स्नायू शिवायचं. तो धागा काही आठवड्यांत सैल होतो, मग अंगातच विरून जातो, म्हणजे टाके काढावे लागत नाहीत. रंग गडद जांभळा. बाईंनी दोन्ही धाग्यांची टोकं दिव्याखाली शेजारी शेजारी धरली. हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला कुठलं कुठलं ते सांगता आलं नसतं.

औषधाने ताण उतरवला नव्हता. गाठच विरघळली होती, आणि उंदीर आपोआप बरे झाले होते.

चूक असती तर ती दोन्ही रंगांत सारखी सांडली असती. पिवळे उंदीर एका दिवशी, पांढरे दुसऱ्या दिवशी, पुन्हा पिवळे, पुन्हा पांढरे, अशा शस्त्रक्रिया झाल्या होत्या. प्रत्येक पिवळ्या दिवशी धागा चुकला आणि प्रत्येक पांढऱ्या दिवशी बरोबर निघाला. अशी शिस्त चुकीला नसते.

हे कोणीतरी केलं होतं. आणि त्या कोणाला तरी एक गोष्ट आधीच ठाऊक होती, जी प्रयोग संपेपर्यंत फक्त सरांना ठाऊक असायला हवी होती: पिवळा म्हणजे औषध.

३

"मॅडम, मला फासावर चढवायचं असेल तर जरूर चढवा," चष्मेवाला म्हणाला. "फक्त दोर रेशमी घ्या. तो दुसरा घेतलात तर मी महिन्याभराने खाली पडेन."

तो उंदरांना नळीने औषध पाजायचा, ट्रे मांडायचा, आणि घाबरला की जास्तच बोलायचा. बाईंना त्याचं हे बोलणं आवडत असे. आज त्यांनी त्याला मधेच थांबवलं.

"ट्रे तू लावायचास. दोन्ही रिळं तुझ्या हाताखालून जायची."

"जायची. पण गाठ मी मारत नव्हतो. तुमच्या वहिनी मारायच्या, सगळ्या शस्त्रक्रिया त्यांच्याच हातच्या. मी आपला दिवा धरून उभा. आणि मला कुठला रंग कशाचा ते माहीत असतं तर मी पैज हरलो असतो का?"

"कसली पैज?"

"पांढरा म्हणजे औषध, अशी. पांढऱ्या बाटलीचे उंदीर नळी तोंडात घालू द्यायचे नाहीत, फार भांडायचे. म्हटलं, नक्की कडू असणार. शेवटी सरांनी सांगितलं, औषध पिवळं. सगळ्या मजल्याला चहा पाजावा लागला मला. विचारा कोणालाही."

बाईंना ती पैज आठवली. त्यांनीही तो चहा घेतला होता. याचा चेहरा तेव्हा खरोखरच पडला होता, आणि हे पोर नाटकी असलं तरी नट नव्हतं. शिवाय तो संस्थेत आला तोच प्रयोगांच्या या फेरीच्या तोंडावर. त्याआधी उंदरांची एक छोटी फेरी होऊन गेली होती, ती त्याने पाहिलीच नव्हती.

त्या सरांच्या खोलीत गेल्या तेव्हा सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. कप उचलताना त्यांचा हात थरथरला आणि बशी किणकिणली. या थरथरीमुळेच त्यांनी शस्त्रक्रिया सोडून कित्येक वर्षं झाली होती.

"पिवळाच रंग का, सर?"

सर ओशाळवाणं हसले. "तुम्ही हसाल. माझा पहिला शोधनिबंध पिवळ्या फाइलमधून गेला होता. तेव्हापासून जे यशस्वी व्हावंसं वाटतं त्याला मी पिवळा रंग देतो. शास्त्रज्ञाने असं करू नये."

"म्हणजे पहिल्या फेरीतही पिवळाच होता?"

कप बशीवर टेकला आणि तिथेच राहिला.

"हो," सर म्हणाले. "पहिल्या फेरीतही."

"आणि ती फेरी संपल्यावर रंगांचा उलगडा केलात तेव्हा खोलीत कोण होतं?"

"मी." त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही. "आणि तुमच्या वहिनी. तिसरं कोणी नाही. बाई, उपाय आहे एक. माझा संशय घ्या. शस्त्रक्रियेच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. आदल्या संध्याकाळी जाऊन रिळं अदलाबदल करायला स्थिर हात लागत नाही. पहिल्या फेरीत औषधाने जेमतेम काही केलं होतं, मी प्रकल्प बंद करायच्या बेतात होतो. नाव माझं बुडणार होतं. माझ्याकडे कारण आहे."

"तुम्ही केलंत का?"

"नाही. पण हे तर तो करणाराही म्हणेल."

बाई म्हणाल्या, "उद्याचा डोस थांबवा."

"बारा घरांना फोन करून काय सांगू? शिरेवरच्या कड्याची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची स्लाइड उद्या दुपारी तयार होईल, डोस आहे सकाळी. औषधाचाच काही परिणाम गाठीवर झाला असेल, असं अजून म्हणता येतं. वेडेपणाचं आहे, पण म्हणता येतं." त्यांनी डोळे मिटले. "आज संध्याकाळपर्यंत मला एवढंच सांगा, की हे माणसाच्या हाताने झालंय. तुमची खात्री पटली, की मी त्याच क्षणी थांबवतो. नाव विचारणार नाही."

बाई जिना उतरल्या. दोन माणसं उरली होती. त्यातल्या एकाच्या घरी त्यांना जेवायला जायचं होतं.

४

"या, वन्सं," वहिनी दारातच म्हणाल्या. संस्थेत दोघी एकमेकींना अहोजाहो करत. घरी मात्र वहिनी हा जुना शब्द मुद्दाम, चिडवायला वापरत. "तुमचे बंधू सकाळपासून दाढी करून बसलेत. उद्याची तयारी आजच."

दादा खुर्चीतून उठला. पूर्वी त्याच्या डोळ्यांत एक पिवळी, मळकट झाक असायची. ती आता ओसरली होती. गेल्या वर्षी याच खोलीत त्याने रक्ताची उलटी केली होती, आणि त्यानंतरही पिणं सोडलं नव्हतं. डॉक्टर, बायको, बहीण, सगळे थकले होते. मग एका संध्याकाळी वहिनींनी घरी येऊन सांगितलं, की एक नवं औषध निघतंय, उंदरांमध्ये आशा दिसतेय. त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने बाटली मोरीत ओतली. तेव्हापासून तिला शिवला नव्हता.

बाईंना ते सगळं आठवलं, आणि ज्या विचाराला त्या दिवसभर टाळत होत्या तो समोरच्या खुर्चीत येऊन बसला.

"बारके, अशी काय बघतेस? मी अजून तुझ्या टेबलावर आलेलो नाही," दादा म्हणाला.

"येऊही नकोस. माझ्याकडे जागा नाही."

"ऐकलंस?" तो आतल्या दिशेने ओरडला. "ही मला जागासुद्धा देत नाही. सख्खी बहीण!"

जेवण अळणी होतं. या आजारात मीठ चालत नाही, आणि वहिनींनी दादाबरोबर स्वतःचंही मीठ बंद केलं होतं. दादा मात्र चवीने जेवत होता. जुन्या गोळीचं पाकीट आपण कसं समारंभाने कचऱ्यात टाकलं, ते त्याने हातवारे करून सांगितलं. "चार वर्षं त्या गोळीची गुलामी केली. दोन आठवडे झाले सुटून. आता बघ, घोड्यासारखा धावतो की नाही."

"टाळी दे मग," बाई म्हणाल्या.

त्याने हात पुढे केला. तो बर्फासारखा गार होता.

बाईंनी तो सोडला नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायच्या तसा धरून ठेवला आणि त्यांची बोटं सवयीने मनगटाकडे सरकली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टकटक करत पुढे जात होता, आणि दादाची नाडी त्याच्याही मागे रेंगाळत होती. एक ठोका. मग जणू विचार करून दुसरा. साठच्याही खाली.

गोळी सुटलेल्या माणसाची नाडी अशी चालत नाही.

"काय गं, आहे ना अजून?" दादा हसला.

"आहे," बाई म्हणाल्या.

वहिनी दुधाचा पेला घेऊन आल्या. दादाने तो उचलला, नाक मुरडलं आणि एका दमात संपवला. "हल्ली दुधालाही चव राहिली नाही. कडसर लागतं."

"तुमचीच जीभ कडू झालीय," वहिनी म्हणाल्या आणि रिकामा पेला घेऊन वळल्या. बाईंना दिसलं, की वळण्याआधी त्यांनी तो किंचित तिरका करून पाहिला. तळाशी काही उरलंय का, हे पाहतात तसा.

५

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. बाई दाराशी उभ्या राहिल्या.

"वहिनी, दादाची नाडी मी मोजली."

वहिनींनी नळ बंद केला. त्यांची पाठ बाईंकडे होती, आणि तिच्यात काहीही हललं नाही.

"ज्याचा नव्या औषधावर विश्वास आहे, तो जुनी गोळी कुटून दुधात घालणार नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सरांनी रिळं बदलली असती, तर तुमचा विश्वास असता. फसवला गेलेला माणूस विश्वास ठेवतो. औषध पोकळ आहे हे ज्याने गाठ मारली त्यालाच माहीत असणार. दुपारी मी पिवळ्या उंदरांच्या शिरा पाहिल्या. गाठी विरल्यात."



"कडं राहिलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"राहिलं होतं."

"राहणारच. मी घट्ट बांधते." त्या वळल्या. चेहरा शांत होता, पुष्कळ दिवस वाट पाहून थकलेल्या माणसाचा असतो तसा. "पहिल्या फेरीनंतर सर प्रकल्प बंद करणार होते. आणि ह्यांनी तर त्याच औषधाच्या नावावर बाटली सोडलेली. रोज घरी आले की विचारायचे, 'काय म्हणतात तुझे उंदीर?' काय सांगू, वन्सं? मेले, असं सांगू? मला थोडे दिवस हवे होते. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतात, असं मी धरून चालले होते. तोवर ह्यांचं यकृत सावरलं असतं, मग औषध बुडालं तरी चाललं असतं. पण उंदीर फारच छान बरे झाले. मलाच माझ्या हाताचा राग आला."

"आणि मग यादीत दादाचं नाव लागलं."

"त्यांनी स्वतःच दिलं. मला विचारलंसुद्धा नाही. मग दुधाशिवाय माझ्या हातात काय होतं?"

"यादीत बारा जण आहेत, वहिनी." बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बाकीच्या अकरांच्या दुधात कोण घालतंय?"

वहिनी ओट्याला टेकून खाली बसल्या आणि ज्या हातांनी केसाएवढ्या शिरा जिवंत ठेवल्या होत्या त्यांनी तोंड झाकून घेतलं.

बाईंनी फोन काढला.

"सर, माणसाच्या हाताने झालंय. खात्री आहे. डोस थांबवा. आणि सगळ्यांना जुनी गोळी सुरू करायला सांगा. आज. आत्ता." पलीकडे सरांनी कबूल केल्याप्रमाणे नाव विचारलं नाही. "नाव उद्या त्या स्वतः सांगतील," बाई म्हणाल्या. वहिनींनी हातांच्या ओंजळीतच मान हलवली.

"आणि ह्यांना?" त्या मग म्हणाल्या. "ह्यांना काय सांगायचं? ह्या औषधाच्या भरवशावर उभे आहेत ते. उद्या नाही म्हटलं, आणि पुन्हा—"

"उद्या जायचं नाही ना?"

दादा दारात उभा होता. एका हाताने त्याने चौकट धरली होती. तो केव्हापासून तिथे होता, दोघींनाही कळलं नव्हतं.

"ऐकलंस तू?" बाईंनी विचारलं.

"उंदरांचं आत्ता ऐकलं. ते नवीन आहे." त्याने बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत राग शोधायला गेलेल्या बाईंना तिथे दुसरंच काही सापडलं आणि त्यांनी डोळे वळवले. "पण दुधाचं म्हणशील, तर चार वर्षं ती गोळी मी रोज जिभेवर ठेवलीय, बारके. दुधात बुडवली म्हणून ओळख विसरेन होय? पहिल्याच घोटाला कळलं."

वहिनींचे हात तोंडावरून खाली आले.

"दोन आठवडे?" त्या म्हणाल्या. "दोन आठवडे तुम्ही—"

"कुटत जरा बारीक जा. तळाशी राहतं."

बाई भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दिवसभर त्यांनी गाठीमागून गाठ उलगडली होती, आणि आता शेवटची, सगळ्यांत घट्ट, त्यांच्या समोर होती. या माणसाला औषध पोकळ असल्याचा वास आला होता. तरीही त्याने नाव मागे घेतलं नाही, दाढी केली, घोड्यासारखं धावायच्या गप्पा मारल्या, आणि बाटलीकडे मान वळवली नाही. मग तो उभा होता तो कशाच्या भरवशावर?

"दादा, तिचाच त्या औषधावर विश्वास नाही, हे तुला कळलं होतं. मग गप्प का राहिलास? पिणं तरी कशासाठी सोडलेलंच ठेवलंस?"

दादाने ओट्यावरचा पेला उचलला, उजेडात धरून त्याचा तळ पाहिला. मग तो खाली बसलेल्या बायकोच्या बाजूने, तिला धक्का लागणार नाही इतक्या अलगद, वाट काढत मोरीपाशी गेला, पेला स्वच्छ विसळून पालथा घातला, आणि "उद्याही याच पेल्यात दे," एवढं तिला म्हणून बाहेरच्या खोलीत निघून गेला.